मोटार सोडणारा माणूस आणि परतीची एसटी

शहरातला एखादा रस्ता मोटारींना बंद करण्याचा वा तेथे शुल्क लावण्याचा विषय निघाला की दोन भाकिते हटकून कानी येतात. विरोधक म्हणतात, ही वाहने शेजारच्या गल्ल्यांत घुसतील आणि सगळेच तुंबेल. समर्थक म्हणतात, लोक निमूटपणे बसमध्ये जाऊन बसतील. दोन्ही भाकितांमागे गृहीतक मात्र एकच: आज जेवढे प्रवास होतात तेवढे उद्याही होणारच, बदलेल ती फक्त वाट किंवा वाहन. आम्हांला हे गृहीतकच कच्चे वाटते.

सॅली केर्न्स, फिल गुडविन आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी रस्त्यांची जागा कमी केल्याचे जगभरचे दाखले गोळा करून १९९८ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये मांडले. त्यांतील जवळपास निम्म्या ठिकाणी त्या रस्त्यावरच्या पूर्वीच्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून अधिक वाहने आसपासच्या रस्त्यांवरही सापडली नाहीत. कोणी वेळ बदलली, कोणी दोन कामे एका खेपेत उरकली, कोणी जाणेच टाळले. स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने प्रवेशशुल्काचा प्रयोग झाला आणि शहराच्या वेशीवरची वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली. गंमत अशी की, पुढे विचारणा झाली तेव्हा आपण काही बदलले आहे हे पुष्कळांना आठवेना! माणसाला स्वतःच्या केलेल्या बदलाचाही पत्ता नसेल, तर 'उद्या शुल्क लावले तर तुम्ही काय कराल?' या प्रश्नाच्या उत्तरावर कितीसा भरवसा ठेवायचा?

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ पासून लक्ष्मी रस्त्यावर वर्षातून एक दिवस पादचारी दिन पाळला जातो. उपक्रम चांगलाच आहे. पण एका दिवसाने सवय मोडत नाही. त्या दिवशी जे दिसते ते नवलाईचे दृश्य. उलट २००६ च्या अखेरीस तिथेच सुरू झालेल्या बीआरटीपुढे वेळ भरपूर होता, मार्गिका मात्र सलग नव्हत्या. दुचाकीस्वाराने अशा बसकडे पाठ फिरवली तर ती त्याची हट्टी मनोवृत्ती नव्हे, त्याचा हिशेब म्हणावा लागेल.

पंढरपूरला आषाढीच्या दिवसांत वाहने गावाबाहेर थांबतात आणि एरवी दारापर्यंत मोटार नेणारा माणूसही मुकाट चालत निघतो. पण त्याच्या त्या चालण्यामागे विठ्ठल आहे. नगरनियोजनाने त्यावर विसंबू नये.

आमचे करकंब पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे. येथला रोजचा प्रवासी बारकाईने पाहिला तर या भाकितांत काय निसटते ते कळते. २०२१-२२ च्या संपात एसटी महिनोन्महिने बंद होती. त्या काळात कोणी वडापला लोंबकळले, कोणी उसनवारी करून दुचाकी घेतली, काही मुलींचे तर कॉलेजच सुटले. संप मिटला तरी दुचाकी घेतलेला परत एसटीत आला नाही. पुढे १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा जीपमधून एसटीत आलेल्या बायका दिसल्या, तशा पूर्वी घराबाहेरच न पडणाऱ्याही दिसल्या. कोणी माहेरी निघाली होती, कोणी तालुक्याच्या दवाखान्यात. त्यांची मोजणी कोणत्या तक्त्यात करणार? आधीच्या रांगेत त्या नव्हत्याच.

म्हणून मोटारी कमी करण्याचा बेत आखणाऱ्यांनी सकाळच्या गर्दीपेक्षा संध्याकाळच्या परतीकडे पाहावे, असे आमचे मत आहे. सकाळी माणूस कसाही पोचतो. वाहन कोणते न्यायचे हे त्याने ठरवलेले असते ते परतीच्या विचाराने. पंढरपूरच्या दुकानात रात्री आठला सुटणाऱ्या कामगाराला करकंबची गाडी मिळण्याची खात्री नसेल, तर तो सकाळीच दुचाकीला किक मारतो. मग तिथे पार्किंगचे शुल्क दहा रुपये असो वा पन्नास. शुल्क वाढल्यावर तो काय करील हे जाणायचे असेल, तर लांबलचक प्रश्नावली कशाला? आठनंतरची गाडी किती वाजता आहे आणि गेल्या महिन्यात ती किती दिवस आली, एवढे त्याला विचारावे.