पाहुणे, प्रेक्षक आणि डोंगराचे धनी

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, म्हणजे जुन्या अक्राणी महालात, ‘पर्यटन विकास’ हा शब्द अलीकडे पुनःपुन्हा कानी पडतो. तोरणमाळचे पठार व तेथील यशवंत तलाव, बिलगावचा धबधबा, १३२५ मीटर उंचीचे अस्तंभ्याचे शिखर अशा स्थळांकडे पाठीवर सॅक अडकवलेले शहरी तरुण येऊ लागले आहेत. अस्तंभ्यावर दिवाळीत पायी जाण्याची खानदेशातील व गुजरातेतील भाविकांची रीत तर फार जुनी आहे. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पाहण्यास आता भाविकांपेक्षा निराळी, कॅमेरे घेतलेली माणसेही जमतात. या येणाऱ्यांविषयी आमच्या मनात आकस नाही. सातपुडा पाहावा, त्याची माणसे पाहावी, असे एखाद्या तरुणास वाटणे हे चांगलेच लक्षण आहे. प्रश्न आहे तो या पाहण्याचा धनी कोण, हा. त्याचे उत्तर शोधताना आमच्या कार्यकर्त्यांनी एका दूरच्या डोंगराची हकीकत जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात ४००० मीटरांहून अधिक उंचीवर पोटोसी हे शहर आहे. त्याच्या माथ्यावर ‘सेरो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, उभा आहे. १५४५ साली या डोंगरात चांदीच्या खाणी सुरू झाल्या आणि सतराव्या शतकाच्या आरंभी त्या उजाड, थंड माळावर दीड लाखाहून अधिक लोकवस्तीचे शहर उभे राहिले. त्या काळच्या युरोपातील मोठ्या शहरांच्या तोडीची ही वस्ती होती. स्पेनच्या राजाची टांकसाळ तेथे होती, देवळे होती, सरदारांचे वाडे होते. डोंगराच्या पोटात मात्र ‘मिता’ नावाची वेठ होती. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने ती बसविली. ठरवून दिलेल्या प्रांतांतील मूळ रहिवाशांपैकी प्रौढ पुरुषांचा सातवा हिस्सा, म्हणजे तेरा हजारांहून अधिक माणसे, दर वर्षी खाणीवर हजर झाली पाहिजेत, असा तो दंडक. माणसे बायकामुलांसह आठवडेच्या आठवडे चालत पोटोसीस येत. चांदी वेगळी करण्यासाठी दळलेल्या खनिजात पारा मिसळीत, आणि तो पारा मजुरांच्या अंगात भिनत असे. ही वेठ कायद्याने रद्द झाली ती १८१२ साली.

ही चांदी गेली कोठे, हे धडगावच्या वाचकास विशेष कळले पाहिजे. पोटोसीची आणि मेक्सिकोची चांदी स्पेनमार्गे युरोपात पसरली, आणि सतराव्या शतकात इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तिचा मोठा ओघ सुरतेस येऊ लागला. मोगल अमलाखाली परके नाणे तसेच चालत नसे. ते सुरतेच्या टांकसाळीत वितळवून त्याचे रुपये पाडीत. त्या रुपयांनी कापड, नीळ व मसाले खरेदी होत आणि मालाचे तांडे सुरत–बुऱ्हाणपूर वाटेने, नंदुरबारवरून, सातपुड्याच्या पायथ्याने जात. ज्या जगाच्या एका टोकास वेठीचा मजूर होता, त्याच जगाचा एक रस्ता आमच्या डोंगराखालून जात होता. चांदी वितळते, पुन्हा घडते, आणि ती खणणाऱ्या मजुराची खूण तिच्यावर उरत नाही. आज पावरा व भिल्ल स्त्रीच्या अंगावर जी चांदी दिसते, तीच तिची शिल्लक असते, आणि वाईट सालात बियाण्यासाठी सावकाराकडे तीच गहाण पडते. होळीत तिचे छायाचित्र टिपणारा मात्र तिला केवळ दागिना समजतो.

पुढे पोटोसीची चांदी सरत आली. विसाव्या शतकात तेथे कथिलाचे महत्त्व वाढले. १९५२च्या क्रांतीने बोलिव्हियातील मोठ्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. परंतु १९८५ साली कथिलाचा जागतिक भाव कोसळला आणि त्याच वर्षी सरकारने बाजारवादी धोरण पत्करले. सरकारी खाणींतील वीस हजारांहून अधिक कामगार घरी बसले. त्यांतील अनेकांनी सहकारी संस्था काढून जुनी, पोखरलेली बिळे पुन्हा खणावयास घेतली. महाराष्ट्रात सहकार या शब्दाचे आपणांस अप्रूप आहे, म्हणून हे नीट पाहावे. या संस्थांत काही जण सभासद असतात आणि अनेक जण त्यांच्या हाताखाली रोजाने राबणारे, भाग नसलेले मजूर असतात. खाणीबाहेर टाकून दिलेल्या दगडांतून कणभर खनिज वेचणाऱ्या स्त्रिया असतात. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होणे, हा तेथील नित्याचा रोग आहे. नाव सहकाराचे राहिले, तरी जोखीम सर्वांत खालच्या माणसाकडेच सरकली.

१९८७ साली युनेस्कोने पोटोसीस जागतिक वारशाच्या यादीत घेतले. जगभरचे तरुण प्रवासी, कमी पैशांत हिंडणारे, पाठीवर सॅक घेतलेले, तेथे येऊ लागले. त्यांचे अनुभव बहुधा एकाच साच्याचे असतात. पहिला दिवस विरळ हवेत जातो. डोके ठणकते, जिना चढताना धाप लागते, कोणीतरी कोकाची पाने चघळावयास देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अंगावर चढविण्यास कामगाराचा झगा, शिरस्त्राण आणि दिवा मिळतो. वाटेत खाणकामगारांच्या बाजारात गाडी थांबते. तेथे भेट म्हणून द्यावयास कोकाची पाने, थंड पेये, आणि सुरुंगाची दारूसुद्धा विकत मिळते. मग बोगद्यात वाकून, कधी रांगत, धुळीतून दोन-तीन तास. आत ‘तिओ’ नावाच्या शिंगे असलेल्या पाताळस्वामीची मूर्ती असते, तिच्यापुढे कामगार कोकाची पाने ठेवतात व सिगारेट पेटवितात. बाहेर आल्यावर प्रवासी मोकळा श्वास घेतो आणि संध्याकाळच्या बसने पुढच्या गावी जातो. ज्याला त्याने आत पाहिले, तो मजूर दुसऱ्या दिवशीही आतच असतो.

हे पाहणे योग्य की अयोग्य, असा वाद तेथे जाऊन आलेल्यांत फार दिवसांचा आहे. एक पक्ष म्हणतो, दुसऱ्याचे हाल तिकीट काढून पाहणे हे लाजिरवाणे आहे. दुसरा म्हणतो, डोळे झाकल्याने हाल थांबत नाहीत, आणि चार पैसे तरी तेथे पोहोचतात. आम्हांस या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत विचार होतो तो प्रवाशाच्या मनःशांतीचा. मजुरास काय हवे, हे दोघेही विचारीत नाहीत. तेथील काही वाटाडे स्वतः माजी खाणकामगार आहेत. ते आपल्या तोंडाने खाणीचा इतिहास, मजुरीचे दर, संघटनेचा लढा आणि रोगाची हकीकत सांगतात, तेव्हा ऐकणारा प्रेक्षक न राहता साक्षीदार होतो. तोच बोगदा जेव्हा साहस म्हणून विकला जातो, तेव्हा मजूर केवळ देखाव्याचा भाग बनतो. पाहणाऱ्याच्या मनात दया किती आहे, याने हा फरक पडत नाही. दाखविण्याचा हक्क कोणाच्या हाती आहे, याने तो पडतो. शिवाय वारशाचा मान मिळाला म्हणून डोंगर वाचला, असेही झाले नाही. अनिर्बंध खणकामामुळे शिखर खचू लागले आणि २०१४ साली युनेस्कोनेच पोटोसीला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले.

आता सातपुड्याकडे वळू. धडगावच्या डोंगरात चांदीची खाण नाही, आणि तुलना ताणण्याचे कारण नाही. पण येथूनही बाहेर जाणारा माल आहे, आणि तो आहे माणसांच्या श्रमाचा. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस, वीटभट्टीस, गुजरातेतील शेतांत व सुरतेसारख्या शहरांत जातात. पाठोपाठ मुलांची शाळा सुटते. कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करावयाचे श्रम आदिवासी बायकांचे, आणि भाव ठरवावयाचा व्यापाऱ्याने. निती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबारचे नाव आहे. याचा सरळ अर्थ, विकासाच्या मापात हा जिल्हा देशातील सर्वांत मागे राहिलेल्यांपैकी एक आहे.

पाहणे आणि न पाहणे यांचे सर्वांत बोलके उदाहरण नर्मदाकाठी आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडियास १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे उद्घाटन झाले आणि तेथे पर्यटकांची रीघ लागली. त्याच सरदार सरोवराच्या जलाशयाने वरच्या अंगास अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित केली. ती गावे कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमात नाहीत. बिलगावच्या ग्रामस्थांनी २००३ साली उदई नदीच्या धबधब्यावर श्रमदानाने १५ किलोवॉटचा लघु वीजप्रकल्प उभा केला होता. धरणाच्या फुगवट्याने तो २००६ साली बुडाला. आज बिलगावचा धबधबा पाहावयास येणाऱ्यास ही गोष्ट कोणी सांगते काय? पाण्याचे सौंदर्य त्याने अवश्य पाहावे. त्याच पाण्यावर एका गावाने स्वतःच्या हाताने दिवे लावले होते, हेही त्यास कळले पाहिजे.

म्हणून पर्यटनास नुसता विरोध करणे ही आमची भूमिका असू शकत नाही. ज्या तालुक्यातून तरुणास कोयता घेऊन बाहेर जावे लागते, तेथे गावातच रोजगार देणारे कोणतेही साधन झिडकारण्याचा अधिकार शहरात बसलेल्या टीकाकारास नाही. परंतु हे साधन कोणाच्या मालकीचे असेल, हे आरंभीच ठरले पाहिजे. रस्ता झाल्यावर, हॉटेल उभे राहिल्यावर, आदिवासी तरुण तेथे ताटे उचलू लागल्यावर तो विचार करून उपयोग नाही.

कायद्याचे बळ आपल्या बाजूस आहे. धडगाव तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६चा पेसा कायदा आणि २०१४चे महाराष्ट्राचे नियम ग्रामसभेस आपल्या साधनसंपत्तीविषयी अधिकार देतात. २००६चा वनहक्क कायदा सामूहिक वनांचे रक्षण व व्यवस्थापन गावाकडे सोपवितो. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर, तशीच भाडेपट्ट्याने देण्यावरही निर्बंध घालते. या तरतुदी कागदावर आहेत. त्या गावाच्या चावडीवर आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

त्यासाठी चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पर्यटनाची कोणतीही योजना मंजूर होण्यापूर्वी ती संबंधित पाड्यांच्या ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत, वाचून दाखविली जावी. मोक्याच्या जागी नातलगाच्या किंवा नोकराच्या नावे होणारे जमिनीचे छुपे व्यवहार कार्यकर्त्यांनी नोंदवून उघड करावेत. वाटाडे, निवास आणि जेवण यांचे काम गावच्या तरुणांच्या व स्त्रियांच्या संस्थांकडे असावे. त्यांचा जमाखर्च दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि सभासद व रोजाचा मजूर असा पोटोसीतला भेद तेथे शिरू देऊ नये. होळीसारख्या सणात कोठे कॅमेरा चालेल आणि कोठे नाही, हे गावाने ठरवावे व पाहुण्याने पाळावे.

सातपुड्यात येणाऱ्या तरुणासही आमचे सांगणे आहे. वाटाड्याचे नाव विचारा, त्यास मिळणारा रोज विचारा, डोंगर कोणाच्या ताब्यात आहे तेही विचारा. ही विचारपूस कोणास अवघड वाटत असेल, तर ती अवश्य व्हावयास हवी असे समजावे. येत्या दिवाळीत अस्तंभ्याची वाट पुन्हा गजबजेल, आणि त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतील. त्याआधी धडगावच्या प्रत्येक पाड्यावर या विषयाची एक तरी ग्रामसभा झाली पाहिजे, आणि ती घडवून आणण्याची जबाबदारी आपली आहे.