पावणेसहा वर्षं नगरसेवकच नव्हते! छत्रपती संभाजीनगरचा कारभार नेमका चालला कसा?

शहागंजच्या घड्याळाखाली जानेवारी २०२६ मध्ये प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या. फळांचे गाडे, कपड्यांच्या हातगाड्या, सिटी चौकाकडे जाणारी कोंडी आणि त्यातून वाट काढत भोंगा वाजवणारा उमेदवार. १५ जानेवारी २०२६ ला छत्रपती संभाजीनगर महापालिकेसाठी मतदान झालं आणि निकालाची तारीख होती १६. याआधीची निवडणूक झाली होती एप्रिल २०१५ मध्ये. ती सभागृहं एप्रिल २०२० अखेर संपली, आणि तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवक नव्हते. म्हणजे एक अख्खी टर्म लोकप्रतिनिधींशिवाय गेली आणि वर आठ महिने.

या मजकुराच्या लेखकाचं वय २८. २०१५ मध्ये यादीत नाव नव्हतं, त्यामुळे नगरसेवक निवडण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. या निवडणुकीवेळी शहरातल्या अठरा ते अठ्ठावीस वयाच्या प्रत्येकाची गोष्ट हीच होती.

निवडणूक इतकी लांबली का?

सुरुवातीचं कारण कोरोना. ते सगळ्यांना पटण्यासारखं होतं. पुढे मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट लावली. त्यासाठी बांठिया आयोग नेमला गेला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. तोवर राज्यात सरकार बदललं, प्रभागरचनेचा कायदा बदलला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'परिस्थिती जैसे थे' ठेवण्याचा आदेश आला. त्यानंतर जवळपास तीन वर्षं तारखांवर तारखा. अखेर ६ मे २०२५ रोजी कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितल्या, आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली.

गंमत अशी, की राज्यघटनेत याबद्दल अजिबात संदिग्धता नाही. कलम २४३-यू म्हणतं, महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. २००६ मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं होतं. नियम होता, निकाल होता, तरी राज्यातल्या महापालिका एकेक करून प्रशासकांच्या हाती गेल्या. यात एकाच पक्षाला दोष देता येणार नाही. या काळात सत्तेत जवळपास सगळेच येऊन गेले, आणि घाई कुणालाच दिसली नाही.

प्रशासक आले म्हणजे नक्की काय बदललं?

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. महापालिका कायद्यानुसार आयुक्त प्रस्ताव मांडतात. १६ सदस्यांची स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते. धोरण आणि अर्थसंकल्प सर्वसाधारण सभेत ठरतो, आणि तिथे पत्रकारांसमोर आयुक्तांना प्रश्न विचारले जातात. प्रशासक काळात आयुक्तच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव ठेवणारे तेच, स्थायी समिती तेच आणि सर्वसाधारण सभाही तेच. इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टिम शिकताना एक गोष्ट डोक्यात बसते: फीडबॅकची वायर काढली तरी मशीन चालतं, कधी कधी आधीपेक्षा वेगानंही. फक्त ते चुकतंय हे त्याला कळत नाही.

वेग दिसलाच. खाम नदीचं काम, ऐतिहासिक दरवाज्यांची डागडुजी, शहागंजचं हे घड्याळ स्मार्ट सिटीतून दुरुस्त होणं, हे याच काळातलं. पण २०२५ च्या जून-जुलैमध्ये रस्तारुंदीकरणासाठी शहरभर बुलडोझर फिरले, तेव्हा दुकान किंवा घर गेलेल्या माणसाने जायचं कुणाकडे? आमदार मोठे, मंत्री मुंबईत, आणि पाडणारा अधिकारीच अपील ऐकणारा. रस्ते रुंद व्हायला हवेत, यावर वाद नाही. आधी कुठला, किती फूट, नुकसानभरपाई कशी, ही चर्चा सभागृहात व्हायची असते. ती झालीच नाही.

पाणीपट्टीचंही तसंच. २०२२ मध्ये ती वर्षाला ४,०५० रुपयांवरून २,०२५ वर आली. घोषणा केली पालकमंत्र्यांनी. निर्णय लोकांना आवडला, पण महापालिकेच्या तिजोरीत पडलेला खड्डा कसा भरायचा, हे विचारायला सभागृह नव्हतं.

मग नगरसेवक असताना सगळं छान होतं?

नाही, आणि हे मान्य केलं पाहिजे. २०१८ चा कचरा आठवा. नारेगावच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहर कित्येक आठवडे कचऱ्यात बसलं, मिटमिट्यात दगडफेक झाली. तेव्हा सभागृह पूर्ण भरलेलं होतं. 'समांतर' पाणी योजनेचा करार २०१६ मध्ये रद्द झाला, तोही नगरसेवकांच्याच काळात. त्यानंतर आलेली १,६८० कोटींची नवी योजना आता २,७४० कोटींवर गेली आहे. जायकवाडी पैठणला, इथून सुमारे ५० किलोमीटरवर. तरीही नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतरानेच. योजनेचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, देखरेख हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाची, आणि शिव्या खायला महापालिका. नवा नगरसेवक निवडून आला तरी या साखळीत त्याची जागा नेमकी कुठे, हे कुणी सांगत नाही.

खरं तर या शहराची स्थानिक लोकशाही वयाने लहानच आहे. महापालिका स्थापन झाली डिसेंबर १९८२ मध्ये आणि पहिली निवडणूक झाली थेट १९८८ मध्ये. सुरुवातीचा काळ आणि २०२० नंतरचा प्रशासक काळ जोडला, तर ४३ पैकी किमान ११ वर्षं लोकनियुक्त सभागृहाविना गेली. महापालिकांना घटनेचं संरक्षण देणारी ७४ वी दुरुस्ती लागू झाली १९९३ मध्ये. सवय लागायला वेळ लागतो, आणि इथे सवय लागता लागता मोडली गेली.

यावेळी मतदान वेगळं कसं होतं?

२०१५ मध्ये एक वॉर्ड, एक नगरसेवक होता. आता ११५ जागा आणि २९ प्रभाग आहेत. त्यातल्या २८ प्रभागांत प्रत्येकी चार आणि एकात तीन नगरसेवक. म्हणजे बहुतेकांना अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची होती. एक बटण दाबून बाहेर पडायचं नव्हतं. प्रत्येक जागेसाठी मत नोंदवायचं होतं, नको असेल तर 'नोटा' होता.

यातली अडचण निकालानंतरची. ड्रेनेज तुंबलं तर चौघांपैकी फोन कुणाला करायचा? चारही वेगवेगळ्या पक्षांचे निघाले, तर 'ते माझ्याकडे नाही' हे उत्तर चार वेळा ऐकावं लागू शकतं. त्यामुळे प्रचाराला दारात कुणी आलं, तर झेंड्याचा रंग बघण्याआधी एवढंच विचारा: आमच्या गल्लीचं पाणी आणि कचरा तुमच्या चौघांपैकी कोण बघणार?