एक आडवी रेघ

मी ३२ वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. रोजकीर्द, खतावणी, महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळवून पाहणं. या कामात कधीच न चुकणारा माणूस मला भेटला नाही. पण चूक झाल्यावर काय करायचं, याची रीत तिथं पक्की होती. घरात, शाळेत, नात्यात ही रीत कुणी शिकवत नाही आणि चांगली चांगली माणसं एकेका चुकीपायी वर्षानुवर्षं कुढत राहतात. म्हणून हे लिहितो आहे.

रीत साधी आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. वहीच्या पानांवर छापील क्रमांक असतात, त्यामुळे पान फाडणंही शक्य नसतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ही रीत मोडली. मार्चअखेर होती, तेरजेत ९०० रुपयांचा फरक येत होता. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला की जुना हिशेबनीस आधी आकड्यांची उलटापालट शोधतो, कारण शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नवाच्याच पटीत येतो. मीही शोधलं आणि सापडलं. एका सभासदाच्या खात्यावर ५,४०० ऐवजी ४,५०० लिहिले होते. अक्षर माझंच. ऑफिसात कुणी नव्हतं. मी ब्लेडने तो आकडा हलकेच खरवडला आणि त्यावर बरोबर आकडा लिहिला. कागद पातळ झाला होता, शाई पसरली आणि मागच्या बाजूला उमटली. मागच्या पानावर दुसऱ्याच एका सभासदाची शिल्लक होती, अगदी बरोबर लिहिलेली. ती वाचता येईना. लेखापरीक्षकांना रेघ मारलेला आकडा दिसला असता तर ते पुढे गेले असते. खरवडलेला दिसला म्हणून त्यांनी त्या महिन्याची सगळी व्हाउचर्स पुन्हा काढायला लावली. तीन दिवस गेले. चूक ९०० रुपयांची होती, पण ती लपवताना मी ज्या माणसाचा काही संबंध नव्हता त्याची नोंद घालवली. आजही मला वाईट वाटतं ते त्याचंच.

आता वह्या गेल्या. तरी १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला नियम लागू आहे, की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. यंत्र बदललं, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे हे कायम राहिलं.

खालचा आकडा वाचता यावा असा आग्रह का? चूक कशी झाली ते त्यातूनच कळतं. माझंच पाहा. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरून कुणीतरी रक्कम वाचून दाखवत होतं, ‘चौपन्नशे’. आपल्या भाषेत चौपन्न म्हणताना चार आधी येतो, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. कानाला जसं ऐकू आलं तसं हाताने लिहिलं. पंचेचाळीसचंही तेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्या वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पद्धत योग्य की अयोग्य, तो वाद इथे नको. पण गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची जी अडचण सांगितली होती, ती मी माझ्या वहीत अनुभवली होती. आपण मात्र मुलाने त्रेसष्टला ३६ लिहिलं की ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून ओरडतो आणि आधी ते खोडायला लावतो. खोडलं की पुरावा गेला. पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलांना चुकलेल्या उत्तरावर एक रेघ मारू द्या. वही जरा घाण दिसेल. दिसू दे. महिन्याभराच्या वहीत एकच चूक पाच ठिकाणी दिसली, तर तुम्हाला मुलाची अडचण सापडली.

सही आणि तारखेचं काम अवघड. तिथं माणूस अडतो. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात गुजरातेत दंगे झाले. लोकांची पुरेशी तयारी होण्याआधीच आपण त्यांना कायदेभंगाची हाक दिली, ही आपली पहाडाएवढी चूक, असं गांधीजींनी नडियादच्या जाहीर सभेत सांगितलं. सत्याग्रह स्थगित केला. लोकांनी त्यांची टिंगल केली. पुढे आत्मकथेत त्यांनी त्या चुकीवर आख्खं प्रकरण लिहिलं आणि त्या कबुलीचा पश्चात्ताप कधीच झाला नाही, हेही नोंदवलं. त्यांनी दोष जमावावर ढकलला नाही. चूक कुठली ते नेमकं सांगितलं, खाली स्वतःचं नाव ठेवलं आणि पुन्हा कामाला लागले.

नेमकं सांगणं महत्त्वाचं. ‘मी वाईटच आहे’, ‘माझ्या हातून काही धड होत नाही’ ही कबुली नव्हे, हे पान फाडणं आहे. एक आकडा चुकला म्हणून कुणी अख्खी खतावणी चुकीची ठरवत नाही. आणि हेही सांगून ठेवतो, की मी चुकांबद्दल बोलतो आहे. जाणूनबुजून केलेली अफरातफर वेगळी, तिला रेघ पुरत नाही.

सगळ्यांत घातक चूक मात्र तेरजेत दिसतच नाही. दोन चुका एकमेकींना भरून काढतात, दोन्ही बाजूंची बेरीज जुळते आणि हिशेबनीस निश्चिंत घरी जातो. घरोघरी असे हिशेब आहेत. मुलीवर चारचौघांत विनाकारण हात उचलला. मग आठवड्याने तिला हवी होती ती सायकल आणून दिली. बेरीज जुळली. दोन्ही नोंदी चुकीच्याच राहिल्या. ही दुरुस्ती पैशाने होत नाही, सायकलने तर नाहीच. ‘त्या दिवशी माझं चुकलं’ एवढं वाक्य म्हणावं लागतं, दिवस आणि गोष्ट सांगून. ‘काही चुकलं असेल तर’ असं मोघम नको.

तुमच्याही खात्यात अशी एक तरी नोंद असेल. मोठी पाहू नका, लहानशीच घ्या, पण या आठवड्यात घ्या. भाऊ असेल, सून असेल, हाताखालचा पोरगा असेल. समोरचा काय म्हणेल याचा विचार करत बसू नका.

सायकलची गोष्ट माझ्याच घरातली आहे. २३ वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर, मी मुलीला फोन केला आणि ते वाक्य म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, तुम्हाला आठवतंय?” आणि तिने तो दिवस सांगायला सुरुवात केली. हातात कुठला डबा होता, दारात कोण उभं होतं, संध्याकाळी आई काय म्हणाली. त्यातलं निम्म्याहून अधिक माझ्या वहीत नव्हतंच. मी काही न बोलता ऐकत राहिलो.