‘हर्बल व्हेपोरायझर’ मागवताय? आधी हे वाचा

सर्दी झाली की उजनीकाठी, केत्तूर असो वा करमाळा, ओवा टाकून वाफारा घेतला जातो. आता त्यासाठी ऑनलाइन ‘व्हेपोरायझर’ शोधलं, तर एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रं दिसतात.

पहिलं पाणी उकळून वाफ देतं. नाक मोकळं वाटतं, पण विषाणू मरत नाही. भाजण्याचा धोका असल्याने मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका.

दुसरं वाळलेला पाला तापवून त्याचा झुरका देतं. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याच्या व्याख्येत ‘निकोटिन असो वा नसो’ असं आहे. म्हणजे ‘हर्बल’ लिहून सुटका नाही. परवानाधारक औषधं तेवढी वगळली आहेत. विक्री किंवा आयातीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशातून स्वतःपुरतं मागवलं, तरी ती आयातच.

म्हणून किंमत नंतर बघा. आधी बघा, यंत्रात तापतं काय: पाणी की पाला?