सिडनीचा किंगफिश

आपल्याकडे किंगफिश म्हणजे सुरमई, बांगड्याच्या कुळातली. सिडनी बंदरातला किंगफिश वेगळा: पिवळ्या शेपटीचा, दांडगा. जिवंत माकूळ हे त्याचं लाडकं आमिष, म्हणून पहाट जाते ती आमिषाच्याच शोधात. गळाला लागला की हा मासा थेट बोयाच्या साखळीकडे मुसंडी मारतो. दोरा तिथे घासला की तुटलाच! मला ही झुंज आवडते, कारण तीत मासाही जिंकू शकतो. ६५ सेंटिमीटरहून लहान असेल तर परत सोडायचा, हा तिथला नियम मनापासून पटतो. मन खट्टू होतं ते पाण्यामुळे. गाळातल्या विषारी डायॉक्सिनपायी २००६पासून तिथली व्यावसायिक मासेमारी बंद आहे. हौसेनं गळ टाकणार असाल, तर हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा मासा खाऊ नका.