शेकडा पाच : कौटिल्याच्या दृष्टीने रास्त नफा

१/ खरेदीच्या किमतीवर व्यापाऱ्याने किती चढवावे? कौटिलीय अर्थशास्त्र याचे उत्तर आकड्यांत देते : मंजूर खरेदीदरावर देशी मालाला शेकडा ५, परदेशी मालाला शेकडा १०.

२/ या नफ्यासाठी मूळ ग्रंथात ‘आजीव’ हा शब्द आहे. आजीव म्हणजे उपजीविका. नफा हे पाप नव्हे, ती व्यापाऱ्याची भाकरी आहे, हे त्यात गृहीत आहे.

३/ दूरदेशाहून आलेल्या वा बऱ्याच काळाने विकल्या जाणाऱ्या मालाचा भाव ठरवताना घातलेले भांडवल, तयार झालेला माल, शुल्क, व्याज, भाडे आणि इतर खर्च जमेस धरावा, असेही तो सांगतो. भाव ही विक्रेत्याची लहर नव्हे. त्याचा हिशेब मांडता आला पाहिजे.

४/ मात्र हाच ग्रंथ ‘कंटकशोधन’ अधिकरणात व्यापाऱ्यांना चोर न म्हणवल्या जाणाऱ्या चोरांत बसवतो. ही विसंगती वाटते, पण दंडांकडे पाहिले की उलगडा होतो.

५/ मर्यादेपलीकडे शंभर पणांमागे आणखी ५ पण उकळल्यास दंड २०० पण. व्यापाऱ्यांनी संगनमताने माल अडवून अवाच्या सवा भावाने विकल्यास १००० पण. एकट्याच्या हावेपेक्षा अनेकांची एकजूट ग्राहकाला अधिक नाडते, ही जाण या पाचपटीत दिसते.

६/ म्हणून याला ‘ग्राहकांचे सुवर्णयुग’ म्हणावे काय? नाही. नगरद्वारी ग्राहकांच्या चढाओढीने भाव वाढला, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जाई. व्यापाऱ्याचा हात आवरला, तरी ग्राहकाची थैली हलकी होणारच होती.

७/ तरीही प्रजेला जाचक ठरणारा नफा, कितीही मोठा असला तरी, सोडून द्यावा, असे हा ग्रंथ राज्याच्या पण्याध्यक्षालाही बजावतो. अर्थात हे नियम आहेत, बाजाराची रोजनिशी नव्हे. ते कितपत पाळले गेले, हे केवळ नियमांवरून सिद्ध होत नाही.

८/ शेकडा ५ हा आकडा आज जसाच्या तसा लागू करणे भाबडेपणाचे ठरेल. उचलण्याजोगी आहे ती विभागणी : किमतीत खर्च किती, मेहनतीचा मोबदला किती आणि अडवणुकीची वसुली किती. पहिल्या दोहोंवर विक्रेत्याचा हक्क आहे. तिसरीलाच नफेखोरी म्हणावे. सरसकट प्रत्येक दुकानदाराला लुटारू ठरवणाऱ्यांनी आणि प्रत्येक भाववाढीला ‘बाजाराचा नियम’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा हिशेब आधी मांडून पाहावा.