उंबऱ्यावरची कार्बोलिकची बाटली हटवा : नांदेड-लातूरकरांना जाहीर आवाहन



पाऊस पडू लागला, शेतात सोयाबीन वाढू लागले की सापांची भीती घराघरांत शिरते. मग बाजारातून कार्बोलिक अ‍ॅसिड येते. कोणी उघडी बाटली उंबऱ्याशी ठेवतो, कोणी भिजवलेला कापसाचा बोळा खिडकीला बांधतो, कोणी घराच्या कडेने शिंपडतो. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे : ही बाटली घरातून हटवा. तिच्या भरवशावर साप थांबत नाही आणि घरातल्या लेकराला मात्र तिच्यापासून खरा धोका आहे.

कार्बोलिक अ‍ॅसिड म्हणजेच फिनॉल. १८३४ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते दगडी कोळशाच्या डांबरातून मिळवले. १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने जखमा सडू नयेत म्हणून ते वापरले आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासाला वळण दिले. आज प्लायवूड चिकटवणारे राळ, सनमायका, बॅकेलाइट, अ‍ॅस्पिरिन अशा कितीतरी वस्तूंच्या निर्मितीत फिनॉल लागते. उपयोगाचे रसायन आहे, यात शंका नाही. पण ते हाताळायची जागा कारखाना आणि प्रयोगशाळा आहे, ओसरी नव्हे.

त्याचा स्वभाव ओळखा

शुद्ध फिनॉल पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात असते. हवा आणि उजेड लागला की ते गुलाबी, मग लालसर होते. वास गोडसर, डांबराची आठवण करून देणारा. सुमारे ४१ अंश सेल्सियसला ते वितळते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत एवढे तापमान सहज होते. म्हणजे हिवाळ्यात घट्ट दिसलेली बरणी उन्हाळ्यात आतून पातळ झालेली असते आणि झाकण सैल असेल तर फळीवरून खाली ठिबकते.

सर्वांत मोठा धोका त्याच्या फसवेपणात आहे. फिनॉल कातडी जाळते आणि त्याच वेळी ती बधिरही करते. अंगावर सांडल्यावर सुरुवातीला फारशी आग होत नाही, जागा पांढरट पडते, आणि माणूस ‘काही झाले नाही’ म्हणून कामाला लागतो. तेवढ्या वेळात ते कातडीतून रक्तात उतरते. हृदयाची लय बिघडणे, झटके येणे, शुद्ध हरपणे, मूत्रपिंड निकामी होणे, लघवी काळपट होणे असे परिणाम त्यातून होऊ शकतात. पोटात गेले तर घोटभरही जिवावर बेतते. काळ्या फिनाईलमध्ये याच कुळातली रसायने असतात. त्यांची तीव्रता कमी असली तरी मुलांच्या हाती लागू न देण्याचा नियम तोच.

सापासाठी हे करा

कार्बोलिकची बाटली ठेवल्याने साप घरात येत नाही, या समजुतीला भरवशाचा आधार नाही. उघड्यावर वास विरून जातो, शिंपडलेले पावसात वाहून जाते. साप घराकडे येतो तो उंदीर, बेडूक आणि आडोसा यांच्या मागे. म्हणून कडब्याची गंज, सरपण, विटांचा ढीग घराच्या भिंतीपासून दूर ठेवा. धान्याच्या पोत्यांभोवती उंदीर होऊ देऊ नका. भिंतीतली भगदाडे आणि मोरीची तोंडे बुजवा किंवा जाळी लावा. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट असू द्या.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या वेदना जवळजवळ जाणवत नाहीत. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे, एवढ्याने हा धोका फार कमी होतो. कार्बोलिकवर खर्च होणारे पैसे मच्छरदाणीला लावा.

साप चावलाच तर मांत्रिक, कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता रुग्णालय गाठा. नांदेड जिल्ह्यातील मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण भागात राहून सर्पदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे उपचार केले आणि दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला. वेळेवर मिळालेली प्रतिविषाची लस तालुक्याच्या गावीही जीव वाचवते, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेले आहे.

फिनॉल अंगावर, डोळ्यांत किंवा पोटात गेले तर

१. भिजलेले कपडे, चप्पल, हातातला दोरा, अंगठी लगेच काढा. मदत करणाऱ्याने उघड्या हाताने स्पर्श करू नये.

२. नळाखाली किंवा मोटारीच्या धारेखाली भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवा. ओल्या फडक्याने पुसू नका. थोड्या पाण्याने फिनॉल अधिक जागेवर पसरते आणि जास्त मुरते. कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३०० किंवा ४०० जवळ ठेवावे. त्वचेवरचे फिनॉल त्याने पाण्यापेक्षा चांगले निघते. डोळ्यांसाठी मात्र फक्त पाणी.

३. डोळ्यांत गेले तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे धुवा.

४. पोटात गेले तर उलटी करवू नका. मीठपाणी, तेल, लिंबू काहीही पाजू नका.

५. १०८ ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जाताना बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

दुखत नाही म्हणून दवाखाना टाळू नका. फिनॉलच्या बाबतीत न दुखणे हीच धोक्याची खूण आहे.

ज्यांच्या कामातच फिनॉल आहे त्यांना

कामगार बांधवांनो, साधे पातळ हातमोजे फिनॉलपुढे टिकत नाहीत. ब्युटाइल किंवा निओप्रीन रबराचे हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, रबरी अ‍ॅप्रन आणि बूट मागून घ्या. आठ तासांच्या पाळीत हवेतील फिनॉलचे प्रमाण दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा जास्त असू नये. उद्योजकांनी कामाच्या जागेपासून काही पावलांवर शॉवर बसवावा आणि सुरक्षा माहितीपत्रक मराठीत भिंतीवर लावावे. ७९ अंशांच्या वर तापलेल्या फिनॉलची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून डबे आगीवर वितळवू नका.

लातूरच्या शिकवण्यांत आणि दोन्ही जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत हजारो मुले फिनॉल पुस्तकातून शिकतात आणि प्रात्यक्षिकात फेरिक क्लोराइडने येणारा जांभळा रंग पाहतात. शिक्षक मित्रांनो, परीक्षानळीत थेंबभर पातळ द्रावण पुरते. मूळ बाटली कपाटात कुलपाखाली ठेवा आणि चष्म्याशिवाय कोणालाही प्रयोग करू देऊ नका.

महामार्गावर टँकर उलटला आणि पाटीवर यूएन २३१२ दिसले, तर त्यात वितळलेले फिनॉल आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला दूर थांबा, लोकांना अडवा, ११२ ला कळवा. सांडलेले भरून न्यायला कोणीही पुढे जाऊ नये.

पाणी आपल्या सर्वांचे आहे

नको असलेले कार्बोलिक मोरीत, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात फिनॉलवर्गीय रसायने ०.००१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतात. या हिशेबाने एक ग्रॅम फिनॉल दहा लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेगाडीत पाच लाख लिटर पाणी होते. अशा दोन गाड्यांचे पाणी एका ग्रॅमने मर्यादेला पोहोचते. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीनशी त्याचा संयोग झाला की पाण्याला घाण वास आणि चव येते. याच कारणाने काळे फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका.

आता आपण काय करायचे

प्रत्येक घराने आजच उंबरा, खिडक्या, गोठा आणि माळ्यावरच्या फळ्या तपासाव्यात. कार्बोलिक सापडले तर उघड्या हाताने न धरता झाकण घट्ट लावावे, बाटलीवर ठळक ‘विष’ लिहावे, मुलांपासून दूर कुलपात ठेवावे. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरीही जाऊन एवढे करावे. दुकानदारांनी सुटे कार्बोलिक पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून विकू नये. ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, गावातल्या बाटल्यांची यादी करावी आणि त्यांची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने लावावी. आशाताईंनी आणि मुख्याध्यापकांनी प्रथमोपचाराचे पाच मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहून आरोग्य उपकेंद्राच्या आणि शाळेच्या दारात लावावेत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक